मुकादमाची कबुली : क्षमेच्या सेवेतले एक प्रकरण

हे प्रकरण साक्री तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातले आहे. माणसांची नावे दिलेली नाहीत, गावही सांगितलेले नाही आणि ओळख पटेल असे दोन-तीन तपशील बदलले आहेत. ज्या बाईवर अन्याय झाला तिला हे लिखाण आधी वाचून दाखवले. तिने एक वाक्य काढायला लावले, ते काढले. मंडळीच्या (चर्चच्या) प्रचारकाची आणि मजुरांची टोळी नेणाऱ्या मुकादमाची संमती घेतली आहे. त्या वेळी ह्या भागातल्या प्रचारकांची देखरेख माझ्याकडे होती, त्यामुळे पुढे ज्या चुका येतील त्यांतल्या काही माझ्याच आहेत.

पार्श्वभूमी

ह्या भागात सुवार्तेची सेवा नवी नाही. १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. विसाव्या शतकाच्या त्याच सुरुवातीच्या वर्षांत स्कॅन्डिनेव्हियन अलायन्स मिशनचे लोक पश्चिम खानदेशातल्या आदिवासी गावांत फिरू लागले. नवापूर, साक्रीकडच्या अनेक मंडळ्यांत आज तिसरी-चौथी पिढी आहे. तरी मंडळीचे वर्ष अजून पंचांगावर चालत नाही, ते उसाच्या हंगामावर चालते. दिवाळी झाली की ट्रक येतात आणि गावे बारडोलीकडे, सुरतेकडे रिकामी होतात. नाताळला गावात उरतात म्हातारी माणसे आणि शाळेतली थोडी मुले. म्हणून आमचे प्रचारक हंगामात गावात थांबत नाहीत. ते पडावावर, म्हणजे तोडकऱ्यांच्या मुक्कामावर जातात, संध्याकाळी चुली पेटल्या की चार घरे एकत्र करून प्रार्थना घेतात.

ज्यांना उसतोड ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. मुकादम पावसाळ्यात उचल, म्हणजे आगाऊ पैसे देऊन कोयते बांधतो. तोड, पाचट काढणे, मोळ्या बांधणे, ट्रक भरणे हे सगळे टनावर. महिन्याला खावटी, म्हणजे खाण्यापुरती उचल मिळते, ती पुढे व्याज लावून कापली जाते. पैशांचा हिशोब हंगाम संपल्यावर एकदाच होतो आणि तो मुकादमाच्या वहीत असतो. कोयत्याच्या हातात कागद नसतो. काय तोडले, काय उचलले, काय कापले, सगळे मुकादमाच्या तोंडी.

आमचा मुकादम स्वतः भिल्ल समाजातला. वीस वर्षांपूर्वी तोही कोयता म्हणून गेला होता. गावात त्याला सगळे ‘नाना’ म्हणतात. चौदा कोयते त्याच्याकडे. बायको मंडळीत यायची, तो मात्र नाताळच्या जेवणापुरता.

प्रचारक सव्वीस वर्षांचा, धडगावकडचा मुलगा. दोन वर्षांच्या सेवेसाठी आला होता. मनाने फार चांगला, शब्दाला पक्का आणि घाईचा.

कबुली

ईस्टरआधीचा उपासकाळ चालू होता. शुक्रवारची उपास-प्रार्थना संपून लोक पांगले आणि मुकादम मागे राहिला. प्रचारक सतरंजी गुंडाळत होता. मुकादमाने सतरंजीचे दुसरे टोक धरले आणि ते धरूनच बोलायला लागला.

सहा हंगामांपूर्वी त्याच्या टोळीतला एक माणूस रात्री भरलेल्या ट्रकवरून पडून मेला. तिकडच्या लोकांनी मेलेल्याच्या बायकोला द्यायला म्हणून मुकादमाच्या हातात दोन लाख ठेवले. त्याने गावी येऊन तिला पस्तीस हजार दिले आणि एवढेच मिळाले म्हणून सांगितले. उरलेल्या एक लाख पासष्ट हजारांत त्याने पिकअपचा पहिला हप्ता भरला. त्याखेरीज टोळीच्या दरवर्षीच्या हिशोबात तो टनामागे थोडे-थोडे मारत आला होता. त्याचा आकडा त्यालाही धड सांगता येईना.

तो रडला. प्रचारकही रडला. मग प्रचारकाने तीन गोष्टी केल्या. ‘नाना, देवाने तुम्हाला क्षमा केली,’ असे सांगितले. ‘हे आपल्या दोघांतच राहील,’ असा शब्द दिला. आणि येत्या पुनरुत्थानाच्या सणाला, ईस्टरला बाप्तिस्मा घेऊ, असे ठरवून टाकले.

रात्री अकराला मला फोन आला. मी म्हणालो, ‘देवाची स्तुती असो, तयारीला लाग.’ तो फोन ठेवून मी शांत झोपलो. आज मला त्या फोनचे वाईट वाटते. त्या अर्ध्या तासाच्या बोलण्यात त्या बाईचे नाव एकदाही निघाले नाही, ना त्याच्या तोंडून ना माझ्या.

अडचण कुठे आली

तिसऱ्या दिवशी मुकादम पन्नास हजार रुपये घेऊन प्रचारकाकडे आला. मंडळीच्या मंदिराचे पत्रे गळत होते, ते बदलून घ्या म्हणाला. मंडळीच्या पंचांपैकी एकाला फार आनंद झाला. पत्रे खरेच गळत होते. पावसाळ्यात आम्ही बाया-पोरांना एका कोपऱ्यात बसवायचो.

पैसे पाहून प्रचारक गप्प झाला. पुढे त्याने मला सांगितले, की नोटांचे बंडल हातात आल्यावर पहिला विचार आला तो, हे कोणाचे? तो मोटारसायकल काढून पिंपळनेरला माझ्याकडे आला. आम्ही मत्तयचा पाचवा अध्याय उघडला. अर्पण वेदीजवळ आणले आणि भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. हे वचन आम्ही दोघांनी कितीदा शिकवले होते! प्रभूने तिथे अर्पण थांबवले आहे, आणि आम्ही बाप्तिस्म्याची तारीख धरून बसलो होतो.

दुसरी अडचण प्रचारकाने दिलेल्या शब्दाची. कोणाचे पाप चव्हाट्यावर न आणणे हे प्रचारकाचे कामच आहे. पण सगळे ऐकण्याआधी ‘दोघांतच राहील’ असा सरसकट शब्द देता येत नाही. वकिलाला अशिलाच्या बोलण्याबद्दल कायद्याने जे संरक्षण आहे, तसे आपल्या साक्षीपुराव्याच्या कायद्यात पाळकाला नाही. आणि मनुष्याच्या मृत्यूशी, विधवेच्या पैशाशी जोडलेली गोष्ट दोघांत ठेवली, तर ती तिच्यापासून लपवण्यात प्रचारकही सामील होतो. मुकादमाकडे परत जाऊन ‘मी जास्तीचा शब्द दिला, तो मला पाळता येणार नाही, पण तुम्हाला न सांगता मी काही करणार नाही,’ असे सांगावे लागले. मुकादम चार दिवस फिरकला नाही. मला वाटले, गेला.

पाचव्या दिवशी तो वही घेऊन आला.

समोरचे मार्ग

पन्नास हजार परत करून आम्ही तिघे बसलो. मुकादमाचा स्वतःचा मार्ग होता रविवारी सगळ्यांसमोर साक्ष द्यायची. त्याची तयारी खरी होती, त्याबद्दल मला शंका नाही. पण ती बाई मंडळीतली नव्हती. तिचे दुःख, तिचा पैसा, तिचा आकडा हे सगळे तिला माहीत होण्याआधी शंभर माणसांना कळले असते. दीर-भाऊबंदांनी संध्याकाळपर्यंत वाटा मागितला असता. मुकादमाचे मन हलके झाले असते आणि ओझे तिच्या दारात पडले असते.

दुसरा मार्ग पोलीस आणि कायदा. मी धुळ्यातल्या ओळखीच्या वकिलांना नावे न सांगता विचारले. त्यांनी जे सांगितले ते उसतोडीच्या प्रत्येक गावात माहीत असायला हवे. तेव्हा लागू असलेल्या १९२३च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याप्रमाणे मजूर कामावर मेला तर भरपाई आयुक्तांकडे जमा करावी लागे. मुकादमाच्या किंवा वारसाच्या हातात परस्पर दिलेली रक्कम ही भरपाई धरली जात नसे. दाव्याची मुदत दोन वर्षांची होती, पण उशिराचे सबळ कारण असेल तर आयुक्त दावा ऐकू शकत. म्हणजे ते दोन लाख हीच मुळात तोंड बंद करण्याची रीत होती. कायद्याचा रस्ता बाईचा होता. तो आम्ही तिच्या वतीने धरायचा नाही आणि तिच्यापासून लपवायचाही नाही, असे ठरले.

तिसरा मार्ग, निनावी पाकीट. प्रचारकाला हा आवडला होता. मी नाही म्हणालो. पैसे मिळाले असते, पण सत्य कळले नसते.

उरला तो मार्ग : हिशोब लिहून काढायचा, रक्कम उभी करायची, आणि आधी तिला विचारायचे की तिला हे ऐकायचे आहे का.

काय केले

रक्कम किती, ह्यावर मुकादमानेच बायबलातल्या गणनेच्या पुस्तकाचा पाचवा अध्याय काढला. बायकोने त्याला वाचून दाखवला होता. ज्याने अन्याय केला त्याने पाप कबूल करावे, मूळ रक्कम भरून द्यावी आणि वर पाचवा हिस्सा घालावा. एक लाख पासष्ट हजार, वर तेहतीस हजार. एकूण एक लाख अठ्ठ्याण्णव हजार. शुभवर्तमानातला जकातदार जक्कय चौपट देतो म्हणाला होता, हे प्रचारकाने आठवण करून दिले. मुकादम म्हणाला, ‘ब्रदर, जक्कयकडे असेल. माझ्याकडे बोलायला सोपे आहे, द्यायला नाही. जे देईन तेच बोलतो.’ मला हे उत्तर साक्षीपेक्षा मोठे वाटले.

पैसे उभे करताना त्याने जमीन सावकाराकडे तोंडी गहाण टाकायचे काढले. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, म्हणून असे तोंडी व्यवहार होतात आणि जमीन कायमची जाते. आम्ही ते होऊ दिले नाही. त्याच्या पापाची किंमत त्याच्या पोरांनी का भरावी? त्याने बैलजोडी विकली, नव्वद हजार आले. उरलेले एक लाख आठ हजार अठरा-अठरा हजारांच्या सहा हप्त्यांत, दर दिवाळीला आणि दर आखाजीला (अक्षय्य तृतीयेला). सगळे बँकेत, तिच्या खात्यावर.

ह्याशिवाय त्याने एक कागद लिहून दिला : किती मिळाले, कोणाकडून, किती दिले, किती ठेवले. खाली सही. तो कागद त्याच्याविरुद्ध वापरता येईल हे वकिलांनी सांगितलेले मी त्याला दोनदा समजावले. त्याने पेन मागितले.

बाईकडे कोण जाणार? मुकादम नाही. प्रचारकही नाही, कारण तो गेला की लोक म्हणणार धर्माचे काहीतरी आहे. मंडळीतली एक अंगणवाडी सेविका तिच्या रोजच्या ओळखीची होती, ती गेली. तिला एकच सूचना होती. सुवार्तेचा शब्द काढायचा नाही, प्रार्थना करू का असेही विचारायचे नाही. ज्या घराचे देणे आहे, त्या घरी देणेकऱ्याच्या बाजूने आलेल्या माणसाने देवाचे नाव घेतले तर ते पैशाला बांधले जाते. क्षमेबद्दलही बोलायचे नाही. प्रचारकाकडे ‘साताच्या सत्तर वेळा’ क्षमा करावी हे वचन तयार होते. मी त्याला म्हणालो, ते वचन प्रभूने पेत्राला सांगितले आहे, अपराध्याच्या वकिलाला नाही.

सेविकेने सगळे ऐकवले. बाईने भाकरी थापणे थांबवले नाही. शेवटी म्हणाली, ‘पैसा येऊ दे. तो नको.’

तसेच झाले. नव्वद हजार खात्यावर भरले, पासबुक तिच्या हातात दिले, कागद दिला, धुळ्याच्या वकिलांचा पत्ता दिला. मुकादम तिच्या दारात गेला नाही. बाप्तिस्मा पुढे ढकलला. मुकादमाला हे जड गेले. ‘पैसे दिले, कागद दिला, आता माझ्यात काय कमी?’ असे त्याने एकदा विचारले. प्रचारक त्याच्याबरोबर रोज पहाटे एक्कावन्नावे स्तोत्र वाचायचा आणि काही समजावायचा नाही. ह्या मुलाची घाई त्या दोन महिन्यांत गेली.

उंबरठ्यावर

आखाजीच्या आठ दिवस आधी तिचा निरोप आला. त्याला पाठवा, एक विचारायचे आहे.

मी, प्रचारक, सेविका आणि मुकादम गेलो. घर कुडाचे, समोर ओटा नुकताच सारवलेला. कोपऱ्यात नवी घागर पालथी घातलेली होती. आखाजीला खानदेशात गेलेल्या माणसांच्या नावाने घागर भरतात, वर खरबूज आणि सांजोरी ठेवतात. तिने आम्हाला बसा म्हटले नाही. मुकादम अंगणात उभा राहिला. तिचा चौदा वर्षांचा मुलगा दाराच्या चौकटीला टेकून होता.

ती पैशाबद्दल बोललीच नाही. म्हणाली, ‘माले एकच सांग. तो पियेल व्हता का?’

आम्हाला काही कळेना. मुकादमाला कळले. त्याचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. मग म्हणाला, ‘नही. थेंब बी नही.’

पस्तीस हजारच का मिळाले हे सांगताना त्याने तेव्हा गावात एक कारण दिले होते. दारू पिऊन ट्रकवर चढला, पडला, म्हणून त्यांनी कमी दिले. हे त्याने आम्हाला कधीच सांगितले नव्हते. लपवले असे नाही, त्याच्या लेखी ते पाप पैशाच्या हिशोबातच बुडाले होते. खरे असे होते की त्या माणसाला ताप होता. तो नको म्हणत होता. ट्रक रात्रीच सुटायला हवा म्हणून मुकादमानेच त्याला वर चढवले.

सहा वर्षे ती दारुड्याची बायको होती. मुलाला शाळेत, पाणवठ्यावर, लग्नाच्या मांडवात तेच ऐकावे लागले होते. सासू मरेपर्यंत तिला बोलत राहिली, की तू त्याला आवरले नाहीस.

मुकादम खाली बसला. पाया पडायला पुढे सरकला तेव्हा तिने हात आडवा केला आणि मुलाकडे बोट दाखवले. ‘त्याले सांग.’ त्याने मुलाला पुन्हा सगळे सांगितले, तापापासून. मुलगा ऐकून आत निघून गेला. ती म्हणाली, आता गावाला सांग.

निष्पत्ती

आखाजीच्या आदल्या संध्याकाळी गावच्या पंचांसमोर मारुतीच्या पारावर मुकादम उभा राहिला. पैशाचा आकडा सांगायचा नाही, ही तिची अट होती. त्याने एवढेच सांगितले : तो प्यायलेला नव्हता, त्याला ताप होता, मी त्याला चढवले, मी खोटे बोललो. लोक बराच वेळ गप्प होते. त्याच्या टोळीतल्या एकाने उठून शिवी दिली. कोणी त्याला थांबवले नाही, मुकादमानेही नाही.

दुसऱ्या दिवशी तिच्याकडे घागर भरली तेव्हा दोन्ही दीर जेवायला आले. सहा वर्षांत ते पहिल्यांदाच आले, असे सेविकेने सांगितले.

बाप्तिस्मा पुढच्या वर्षी झाला. आतापर्यंत चार हप्ते वेळेवर भरले आहेत. दावा करायचा की नाही हे तिने ठरवलेले नाही. तो कागद तिच्या पत्र्याच्या पेटीत आहे. ‘क्षमा केली’ असे ती म्हणालेली नाही आणि आमच्यापैकी कोणी तिला तसे विचारलेले नाही.

मुकादमाने मुकादमकी सोडावी असे पंचांपैकी काहींचे म्हणणे होते. त्याने सोडली नाही, आणि माझ्या मते बरे केले. पुढच्या हंगामापासून प्रत्येक कोयत्याकडे शंभर पानी वही असते. रोजचे टन त्यात लिहितात, मुलांपैकी कोणी नाहीतर प्रचारक. खावटीही लिहितात. हंगामाच्या शेवटी दोन्ही वह्या शेजारी ठेवून हिशोब मोठ्याने वाचला जातो.

आज करायचे झाले तर

कबुली ऐकताना पहिला प्रश्न हा विचारीन : ह्यात कोणाचे काय गेले? पैसा हे पटकन सापडते. नाव, मान, मुलाची शाळेतली मान खाली जाणे हे अपराध्याला आठवतही नाही. ते अन्याय झालेल्या माणसालाच विचारावे लागते, आणि त्याने सांगायचे ठरवले तरच कळते. ती बोलावेपर्यंत आम्ही थांबलो हे बरे झाले. पण आम्ही थांबलो ते शहाणपणाने नव्हे, तिने ‘तो नको’ म्हटले म्हणून. तिने पहिल्याच दिवशी ‘या’ म्हटले असते तर आम्ही त्याला घेऊन गेलो असतो, पैसे दिले असते, प्रार्थना केली असती आणि ते खोटे तसेच राहिले असते.

शब्द देण्याबाबत आता प्रचारकांना आम्ही सुरुवातीलाच शिकवतो. माणूस बोलू लागला की आधी सांगायचे : मी हे गावभर करणार नाही, पण कोणाच्या जिवाचे किंवा हक्काचे असेल तर आपल्याला मिळून पुढे जावे लागेल. काही जण तिथेच थांबतात. थांबू द्यावे.

एक गोष्ट मात्र मला आजही टोचते. विकलेल्या जोडीतला एक बैल मुकादमाच्या बायकोच्या माहेरून आलेला होता. तिला कोणी विचारले नाही. त्यानेही नाही, आम्हीही नाही. वचन वाचून दाखवणारी तीच होती, म्हणून तिची संमती आहे असे आम्ही धरून चाललो. पेरणीच्या वेळी ती दुसऱ्याचे बैल मागत दारोदार फिरली, तेव्हा मला समजले. मी तिच्याकडे जाऊन माफी मागितली. ती म्हणाली, ‘पास्टर, विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं.’

आणि टोळीचे जुने हिशोब. चौदांपैकी अकरा घरांशी मुकादमाने बसून अंदाजाने आकडा ठरवला आणि तो फेडतो आहे. एक घर हिशोबाला बसायला तयार नाही. दोन घरे हंगामानंतर परतलीच नाहीत, तिकडेच कुठेतरी वीटभट्टीवर आहेत असे ऐकतो. त्यांची नावे प्रचारकाच्या वहीत पहिल्या पानावर आहेत. यंदा दिवाळीनंतर पडावांवर जाईल तेव्हा तो विचारत फिरणार आहे.